व्हॉट्सॲप टिकलं ते आपल्या 'गुलामी'मुळे नव्हे

झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टाई या मेसेजिंग ॲपची लाट आल्यापासून 'व्हॉट्सॲप का जिंकलं? डोळे उघडणारं सत्य' असा एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्हॉट्सॲप सगळ्यात आधी आलं, ते फोनमध्ये आधीच भरून येतं, हाइक (मेसेंजर) आणि कू (ट्विटरसारखं) ही आपली ॲप्स परदेशी कंपन्यांनी कट करून मारली, आणि भारतीय माणूस मुळातच गुलाम, म्हणून स्वदेशी वापरत नाही. शेवटी आदेश: नुसतं अनइन्स्टॉल नको, अकाउंटच डिलीट करा. (हे सगळं व्हॉट्सॲपवरच फिरतंय, हा विनोद प्रत्येकाचा करून झालाय. सोडून देऊ.)

एरवी असल्या गोष्टींना मी उत्तर देत बसत नाही. पण आमच्या काकूंनी ते खरंच केलं, तेही दिवाळीच्या तोंडावर. काकू डोंबिवलीत घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेतात. कुणाला दोन किलो भाजणीची चकली, कुणाला कमी गोडाचे बेसन लाडू, कुणाचं पार्सल पुण्याला. सगळा हिशोब चॅटमध्ये. अकाउंट डिलीट केलं की चॅटही जातात आणि सगळ्या ग्रुपांतून नावही जातं, हे त्या देशभक्ताने लिहिलं नव्हतं. म्हणून हा खटाटोप.

'सगळ्यात आधी आलं' हे साफ खोटं आहे. व्हॉट्सॲप २००९चं. याहू मेसेंजर, निम्बझ, ब्लॅकबेरीचं बीबीएम हे सगळे त्याच्याआधीचे. बीबीएमचा तर काय तोरा होता! पण ते फक्त ब्लॅकबेरीवर चालायचं आणि त्यासाठी एकमेकांना पिन द्यावा लागायचा. अँड्रॉइड आणि आयफोनवर ते आलं २०१३मध्ये, म्हणजे वरातीमागून घोडं. व्हॉट्सॲपने मोबाइल नंबर हीच ओळख ठेवली. युजरनेम नको, पासवर्ड नको, फोनमध्ये ज्यांचे नंबर आहेत ती माणसं आपोआप यादीत. शिवाय ते साध्या नोकियावरही चालवून दाखवलं.

भारतात तर वेळही जुळून आली. ज्यांनी तेव्हा एसएमएस पॅक मारलेत त्यांना 'ब्लॅकआउट डे' आठवत असेल: दिवाळीला, ३१ डिसेंबरला पॅक चालायचा नाही, शुभेच्छा पूर्ण दराने पाठवायच्या. त्यात सप्टेंबर २०११मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जाहिरातवाल्यांना आवर घालायला एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात ती २०० केली. कॉलेजच्या पोरांचे शंभर मेसेज दुपारपर्यंत संपत. ती पोरं व्हॉट्सॲपवर गेली आणि मग आईबाबांना, मावश्यांना, आत्यांना तिकडे ओढून घेऊन गेली. त्यासाठी कुणाला कट करावा लागला नाही.

'फोनमध्ये भरून येतं.' काही फोनमध्ये यायचं, नोकिया आशा २१०च्या एका मॉडेलवर तर त्याचं वेगळं बटणच होतं. पण फोनसोबत फुकट आलेली पन्नास ॲप्स आपण उघडतसुद्धा नाही. पुढे.

आता तो कट. हाइक काही गरीब बिचारं पोर नव्हतं. डिसेंबर २०१२मध्ये ते सुरू केलं कविन भारती मित्तल यांनी, म्हणजे एअरटेलच्या सुनील मित्तल यांच्या चिरंजीवांनी. २०१६मध्ये कंपनीचं मूल्यांकन १.४ अब्ज डॉलर होतं, आणि पैसे घालणाऱ्यांत चीनची टेन्सेंट आणि तैवानची फॉक्सकॉन होती. स्वदेशीचा झेंडा फडकवण्याआधी एवढं तरी बघायचं! हाइकचे स्टिकर मस्त होते, लपवून ठेवता येणाऱ्या चॅट होत्या, यूपीआयही व्हॉट्सॲपच्या आधी, २०१७मध्ये आलं. तरी जानेवारी २०२१मध्ये मेसेंजर बंद झालं. तेव्हा खुद्द कविन मित्तल यांनी ट्विटरवर जे लिहिलं त्याचा आशय असा: भारताचा स्वतःचा मेसेंजर होणार नाही, जागतिक नेटवर्क इफेक्ट फारच ताकदवान आहेत; पाश्चात्त्य कंपन्यांवर बंदीच घातली तर गोष्ट वेगळी. ज्याचं ॲप बुडालं तो मालक स्वतः कारण सांगतोय. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे काय?

नेटवर्क इफेक्ट म्हणजे काही जादूटोणा नाही. तुम्ही हौसेने नवं ॲप घेता. पण शाळेच्या बाई, सोसायटीचा सेक्रेटरी, दूधवाला जुन्यावरच, म्हणून जुनंही ठेवावं लागतं. दोन्ही ठेवली की महिन्याभरात एकच उघडलं जातं. २०२१च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या प्रायव्हसी पॉलिसीवरून बोंब झाली तेव्हा लोकांनी सिग्नल घेतलं, टेलिग्राम घेतलं. आपल्या किती जणांचं सिग्नल आज उघडलं जातं, ते आपलं आपण बघावं.

कूच्या बाबतीत एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. डिसेंबर २०२२मध्ये ट्विटरने कूचं एक हँडल बंद केलं होतं, आणि तो रडीचा डाव होता. पण जुलै २०२४मध्ये कू बंद झालं ते मोठ्या कंपन्यांशी भागीदारीची बोलणी फिसकटली म्हणून, असं संस्थापकांनीच सांगितलं. मंत्र्यांनी खाती उघडली होती, सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं. आणखी काय हवं होतं?

दुसरंही मान्य. व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीकडे, फेसबुककडे (आता मेटा), अफाट पैसा आहे आणि ती काही धुतल्या तांदळासारखी नाही. त्याच प्रायव्हसी पॉलिसीसाठी आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोकला. पण फेसबुकने २०१४मध्ये १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घ्यायचं ठरवलं तेव्हाच त्याचे महिन्याला ४५ कोटी वापरकर्ते होते. पैसा नंतर आला.

राहता राहिली 'गुलामी', आणि सगळ्यात चीड याच मुद्द्याची येते. कारण यात चकल्या विकून चार पैसे मिळवणाऱ्या बाईला तुम्ही देशद्रोही ठरवता. हेच 'गुलाम' एकेकाळी ऑर्कुटवर पडीक होते. मित्र फेसबुकवर गेले तसे तेही गेले. यूपीआय भारतीय आहे आणि भाजीवालीपासून सराफापर्यंत सगळे वापरतात, कारण फोनपेवरून गूगल पेवाल्याला पैसे जातात. व्हॉट्सॲपवरून अरट्टाईवाल्याला मेसेज जातो का? ज्या झोहोच्या नावाने हा फॉरवर्ड शपथा घालतोय, तिचे संस्थापक श्रीधर वेम्बू यांनी त्याच लाटेत म्हटलं होतं की मेसेजिंग हे यूपीआय आणि ईमेलसारखं एकमेकांशी जोडलेलं हवं, व्हॉट्सॲपसारखं बंदिस्त नको. युरोपने डिजिटल मार्केट्स ॲक्ट आणून व्हॉट्सॲपला इतर ॲप्ससाठी दार उघडायला भाग पाडलं. मागायचं असेल तर हे मागा.

आणि अरट्टाई वापरून बघायचं तर खुशाल बघा, दोन्ही ॲप्स एका फोनवर सुखाने नांदतात. फक्त अकाउंट डिलीट करण्याआधी कामाच्या चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.