बिसाऊची बी

मार्च उजाडला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय असतो. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात काजूची बी पडायला लागलेली असते, दर (2024 साली शंभर-सव्वाशेच्या आसपास) घुटमळत असतो आणि दादा कुठल्यातरी मोर्चाचा फोटो टाकतो. काजू बीला दोनशे रुपये हमीभाव द्या, आफ्रिकेची बी बंद करा. खाली काका, चुलत भाऊ, मुंबईतले चाकरमानी सगळे भराभर अंगठे उंचावतात. मी गेली सहा वर्षं सेनेगलच्या दाकारमध्ये, म्हणजे त्या ‘आफ्रिके’तच, एका खत कंपनीचे हिशेब लिहितो. माझा अंगठा जरा उशिरा येतो.

2024च्या एप्रिलात पाच दिवस सुट्टी जमली तेव्हा ठरवलं, ती बी जिथून निघते तिथे जाऊनच बघू. सेनेगलच्या खाली गिनी-बिसाऊ आहे. गोव्याच्या जवळजवळ दहापट जमीन, वस्ती मात्र वीस-बावीस लाखांची. 1974 पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. देशाच्या निर्यातीचा नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा कच्च्या काजू बीचा, आणि ती बी बहुतेक भारतात किंवा व्हिएतनामला जाते. आपल्याकडचे व्यापारी या मालाला नुसतं ‘बिसाऊ’ म्हणतात, आणि पश्चिम आफ्रिकेच्या मालात त्याला मान आहे, कारण गर भरपूर निघतो. आमच्याकडे कारखान्यातल्या बायकाही बोलताना सहज म्हणतात, ‘आज बिसाऊचो माल इलो.’ तो देश आहे की गाव, हे मीही तेव्हा कधी विचारलं नव्हतं.

दाकारहून सेनेगलच्याच दक्षिणेतलं झिगिंशोर, मध्ये गांबिया हा देश आडवा. गांबिया नदीवरचा पूल 2019 साली झाला, त्याआधी फेरीसाठी दिवस दिवस रांगेत जायचा. झिगिंशोरला रात्र काढली आणि सकाळी ‘सेट-प्लास’मध्ये, म्हणजे सात उतारूंच्या जुन्या पूजो गाडीत, मागच्या बाकावर घुसलो. सरहद्दीवर दोन झोपड्या, एक दोरी, एक शिक्का. पलीकडे साऊ डोमिंगुश. नाव वाचून गोव्यात आल्यासारखं वाटलं, आणि पुढे तर ते वाटणं थांबेचना. इथे लोक एकमेकांत क्रिओल बोलतात. साबणाला साबोन, चावीला चाबी, बादलीला बाल्दी. काजूला काजूच. आपण जो शब्द घरचा समजतो, तो ब्राझीलच्या तुपी लोकांकडून पोर्तुगिजांनी उचलला आणि झाडासकट दोन्हीकडे उतरवला.

इंगोरे गावाच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं आणि तास-दीड तास मिळाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काजू, पण आपल्यासारखी बाग नव्हे. अंतर नाही, छाटणी नाही, कलमं तर नाहीतच. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची चार नंबर, सात नंबर कलमं पाच-सहा वर्षांत घर भरायला लागतात. इथे बी पुरली, उगवली, वाढली असा कारभार. झाडाखाली बाया-पोरं बी वेचत होती, बोंडू पिळून रस ड्रमात भरत होती. आंबलेल्या बोंडवाचा तोच वास, नाकात गेला की लहानपण सगळं एकदम वर येतं. तो रस बी वेचणाऱ्या बायकांचा हक्काचा. बालांता लोक तो आंबवून पितात, फुला आणि मांदिंगा मुसलमान, ते शिवत नाहीत. आमचा चालक दुसऱ्या गटातला, मी पहिल्या. अर्धा मग घेतला. हुर्राकच्या, म्हणजे बोंडूच्या पहिल्या धारेच्या दारूच्याही आधीची पायरी, थोडी चढते.

झाडाखाली तराजू आणि पोती घेऊन एक छोटा व्यापारी बसलेला. त्याच्या मागे तांदळाची थप्पी, पोत्यावर इंग्रजीत ठसठशीत छापलेलं, भारताचं उत्पादन. इथे बऱ्याच ठिकाणी बी आणि तांदळाची सरळ अदलाबदल होते. त्या वर्षी सरकारने बीचा दर किलोला 300 फ्रँक जाहीर केला होता, म्हणजे आपले चाळीस रुपये. जंगलातल्या तराजूवर तोही मिळतोच असं नाही. एका बाईने मला न्याहाळलं आणि चालकाला काहीतरी विचारलं. तो हसून फ्रेंचमध्ये मला म्हणाला, “ही विचारतेय, तुम्ही इंडियावाले भाव कधी वाढवणार?”

इथे भारतीय माणूस म्हणजे बी घेणारा, ही तिची समजूत अगदी खोटी नव्हे. मी तिला काय सांगणार? माझा भाऊ तिच्या बीला बंदी घाला म्हणून मोर्चात चालतो?

गंमत इथे संपत नाही. 2022च्या सप्टेंबरात आपल्या सरकारने तुकडा तांदळाची निर्यात बंद केली, 2023च्या जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाचीही. कारण आपल्याकडचे भाव. घरी या निर्णयावर ग्रुपवर कोणी अवाक्षर काढलं नाही, आम्ही उकडे तांदूळवाले. पण या किनाऱ्यावर लोक तुकडा तांदूळच शिजवतात. सेनेगलसाठी, गांबियासाठी दिल्लीने वेगवेगळी सवलत दिली, तरी दाकारच्या बाजारात पोतं महागलं ते मी स्वतः विकत घेतलंय. त्या बाईच्या तराजूत एका पारड्यात बी आणि दुसऱ्यात तांदूळ, आणि दोन्ही पारड्यांवर थोडं थोडं बोट आमचं.

राजधानी बिसाऊत दोन रात्री होतो. बंदरावर काजूचे ट्रक रांगेने उभे. जवळच उगारलेल्या काळ्या मुठीचं स्मारक आहे. 3 ऑगस्ट 1959ला याच पिजिगिती धक्क्यावर पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या गोदी कामगारांवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पन्नासच्या आसपास माणसं मेली. त्यानंतर इथल्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता अमिल्कार काब्राल याने सशस्त्र लढ्याची वाट धरली. हा मनुष्य मुळात शेतीशास्त्रज्ञ. 1953 साली पोर्तुगीज सरकारच्या नोकरीत असताना त्याने गावोगाव फिरून या देशाची शेतीगणना केली, आणि भुईमुगाच्या एकपिकी शेतीने जमीन कशी संपते ते लिहून ठेवलं. 1973च्या जानेवारीत त्याचा खून झाला, स्वातंत्र्य त्याने पाहिलं नाही. भुईमुगाच्या जागी आता काजू आहे, एवढाच फरक. 2012 साली लष्कराने सत्ता घेतली तीही एप्रिलात, ऐन हंगामात. 2025च्या नोव्हेंबरात पुन्हा घेतली. 2018 साली राष्ट्राध्यक्षांनी 1000 फ्रँक दर जाहीर केला, तर व्यापारी फिरकलेच नाहीत आणि दर निम्म्यावर आणावा लागला. ‘हमीभाव द्या’ एवढं म्हणून भागत नाही, घेणारं कोणीतरी लागतं, हे दादाला सांगायचं माझ्या मनात होतं.

सांगितलंही. फोनवर. तो शांतपणे ऐकून म्हणाला, “तुका काय जाता सांगूक, तुझो पगार एक तारखेक येता.” खरं आहे. फवारणीचा खर्च, वेचायला माणूस मिळत नाही, माकडं, अवकाळी. राज्य सरकारने 2024ला किलोमागे दहा रुपये अनुदान दिलं, त्याची कागदपत्रं जमवताना त्याचे चार दिवस गेले.

तरी माझं मत बदललेलं नाही. आपल्या शेतकऱ्याला भाव मिळालाच पाहिजे आणि तो सरकारी खरेदीतून मिळावा. गोव्यात आधारभूत किमतीची सोय आहे, सिंधुदुर्गात का नको? आफ्रिकेचा गर ‘कोकणी काजू’ म्हणून डब्यात भरून विकणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हावा. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते काय भिंतीवर लावायला? पण आयातबंदी? आपली बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही. ऑक्टोबरात चंदगड-आजऱ्यात आणि आमच्या तालुक्यात बी फोडायला, गर सोलायला बसलेल्या बायकांच्या पुढ्यात असते ती बिसाऊची नाहीतर शेजारच्या कुठल्या देशाची. ती थांबली तर चिकाने भाजलेले ते हात रिकामे राहतील, आणि दादाचा भाव वाढेल तो बहुधा व्हिएतनामची सोललेली पाकिटं येईपर्यंत. मोर्चाच्या फोटोत या बायका कधी दिसत नाहीत, हे मला खटकतं. त्यातली एक आमच्या वहिनीची बहीण आहे.

परतल्यावर मी ग्रुपवर तराजूचा फोटो टाकला आणि खाली दर लिहिला, चाळीस रुपये किलो. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मुंबईच्या एका चुलतभावाने ‘म्हणूनच बंद करा’ असं लिहिलं, त्याला दोन अंगठे पडले. रात्री उशिरा दादाचा वेगळा मेसेज आला, फक्त मला.

“झाडां रोपांची की कलमांची?”

“रोपांची.”

“पाऊस कधी लागता थंयसर?”

“जूनात,” मी लिहिलं.

“मगे बी काळी पडतली शेवटची. लवकर वेचूक सांग तेंका.”