बाँडची ती बर्फावरची उडी: मारली कोणी आणि कुठे?

जेम्स बाँड साकारणाऱ्या रॉजर मूर यांनी 1977 च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मधली कड्यावरची स्की-उडी स्वतः मारली, तीही आल्प्समध्ये, असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

उडी मारणारा माणूस म्हणजे रिक सिल्व्हेस्टर. जागा कॅनडातल्या बॅफिन बेटावरचा माउंट अ‍ॅसगार्ड, वर्ष 1976. चित्रपटाच्या कथेत हा प्रसंग ऑस्ट्रियात घडतो, म्हणून आल्प्सचा घोळ झाला असावा. मूर यांचे जवळून दिसणारे शॉट वेगळे घेतलेले आहेत.

एवढं धाडस ज्याने केलं, त्याचंच नाव पुसलं जावं, हे मला खरंच खटकतं. तो तुकडा पुन्हा नीट पाहा. कडा संपतो, माणूस हवेत जातो, पायातल्या स्की सुटतात आणि संगीत थांबतं. मग पॅराशूट उघडतं. नेमकं त्याच वेळी सुटलेली एक स्की वरून येऊन त्याला घासून जाते. ती कापडात किंवा दोरांत अडकली असती, तर सिल्व्हेस्टर वाचणं कठीण होतं. हे पडद्यावर स्पष्ट दिसतं, फक्त आपलं लक्ष पॅराशूटवरच्या ब्रिटिश झेंड्याच्या रंगांवर खिळलेलं असतं.

कॅमेरे अनेक लावले होते, पण संपूर्ण उडी एकाच कॅमेऱ्याला नीट सापडली. या चित्रीकरणाची सूत्रं जॉन ग्लेन यांच्याकडे होती. पुढे 1981 ते 1989 या काळात पाच बाँडपट त्यांनी दिग्दर्शित केले.