स्ट्रेस काय शुगर आहे का मोजायला?

शाळेच्या ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत असलेल्या एका मित्राच्या कंपनीत एचआरने स्ट्रेसचा फॉर्म वाटला, त्यावर दुसरा म्हणे, "स्ट्रेस काय शुगर आहे का मोजायला? आपले वडील सायकलवर तिन्ही शिफ्टला जायचे, झालं का काही?" झालं की! माझ्या वडिलांना नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत नाईट करता करता 43 व्या वर्षी बीपीची गोळी लागली, फक्त तेव्हा कुणी विचारलं नाही एवढंच.

आणि मोजता येतो हो. इकडे जपानात डिसेंबर 2015 पासून 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे दरवर्षी स्ट्रेस चेक घ्यावाच लागतो, बहुतेक ठिकाणी 57 प्रश्न, काम किती पडतं, आपल्या वेगाने करता येतं का, झोप लागते का, भूक लागते का. रिझल्ट आपल्याला येतो, आपण हो म्हटल्याशिवाय कंपनीला दाखवत नाहीत. मित्राच्या फॉर्मवर पहिलाच रकाना नाव आणि एम्प्लॉयी नंबर! सगळ्यांनी 'उत्तम'वर टिक केली आणि चहाला गेले, मग काय डोंबल मोजणार.

त्यात सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाचे 9 चे 12 तास करायला मंजुरी दिली, ग्रुपवर काहीजण त्यावरही खूश, ओव्हरटाईम मिळेल म्हणून. मी डब्ल्यूएचओ आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांचा 2021 चा आकडा टाकला, आठवड्याला 55 तास आणि वर काम करणाऱ्यांना 35-40 तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका 35 टक्के जास्त. उत्तर आलं, "करोशीच्या देशात बसून आम्हाला शिकवू नको." करोशी म्हणजे जास्त कामाने येणारं मरण, शब्दच जपानी.

लागलं. कारण ते वाचलं तेव्हा इकडे रात्रीचे पावणेअकरा, मी ऑफिसातच, कोन्बिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातली ओनिगिरी (भाताचा गोळा) कीबोर्डशेजारी अर्धी खाल्लेली. मागच्या वर्षी माझा रिझल्ट 'हाय स्ट्रेस' आला होता, हे ग्रुपवर कुणाला माहीत नाही. डॉक्टरला भेटायचं तर कंपनीकडेच अर्ज द्यावा लागतो, मग रिझल्ट कंपनीपासून लपवला कशासाठी? नाही दिला. आमच्या मजल्यावर कुणी दिल्याचं ऐकलं नाही.

त्या 57 मध्ये एक प्रश्न आहे, या लोकांशी किती मोकळेपणाने बोलता येतं? बॉस, सहकारी, मग घरचे आणि मित्र. बॉसला पटकन 'अजिबात नाही'. तिसऱ्या ओळीवर अडलो. आईला रोज फोनवर "मजेत आहे", आणि ग्रुपवर पोरं रविवारी मिसळीचे फोटो टाकतात तेव्हा मी तेलाबद्दल बोलतो.

'थोडंफार'वर टिक केली. ती पण जरा जास्तच झाली.