न्यू जर्सीतलं तिकीट आणि व्हॉट्सॲपवरची फेकाफेक

तिकिटांवरून रुसवेफुगवे सुरू झाले की एक मेसेज हमखास फिरतो: ‘अमेरिकेत गव्हर्नरचं तिकीट हायकमांड नाही, जनता देते. प्रायमरीत सगळे मतदान करतात, पैसा चालत नाही, बहुमत ज्याचं तोच उमेदवार.’ गव्हर्नर म्हणजे अधिकारांच्या हिशेबाने तिथला मुख्यमंत्री, आणि प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान. तर २०२५ची न्यू जर्सीची निवडणूक घेऊ. भारतीयांनी गजबजलेल्या एडिसन गावामुळे ते राज्य आपल्या ओळखीचं आहे.

‘हायकमांड नाही.’ राजधानीत नसेल, काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, होतं. २१पैकी १९ काउंट्यांत वर्षानुवर्षं ‘काउंटी लाइन’ चालली. पक्षसमितीच्या पसंतीचे उमेदवार, वरच्या पदापासून खालपर्यंत, मतपत्रिकेवर एका सलग रांगेत छापायचे. ज्याच्यावर मर्जी नाही त्याचं नाव दोन-चार रकाने सोडून कुठेतरी कोपऱ्यात. अर्ज वैध, नाव छापलेलं, बोलायला जागाच नाही! २०२४मध्ये अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, सिनेटच्या, डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढणारे अँडी किम याविरुद्ध कोर्टात गेले. समोर होत्या तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी, आणि बड्या काउंट्यांचे पुढारी त्यांच्या पाठीशी. टॅमींनी माघार घेतली. त्यानंतर काही दिवसांतच न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली. कायदा बदलला २०२५मध्ये. म्हणजे मेसेजमधली प्रायमरी तिथेही कालपरवाची. समित्या आपली पसंती अजूनही जाहीर करतातच.

‘सगळे मतदान करतात.’ ग्रीन कार्डवाल्या भाच्याला विचारा. नागरिकत्वाशिवाय मत नाही. एका पक्षात नोंद असलेल्याला दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत नाही. कुठेच नोंद नसेल तर मतदानाच्या दिवशी पक्ष निवडता येतो.

‘पैसा चालत नाही.’ पात्र उमेदवाराच्या देणग्यांवर राज्य सरकार दुपटीने भर घालतं, त्या बदल्यात खर्चाला मर्यादा घालतं. बाहेरच्या गटांना मात्र ती मर्यादा नाही. डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढलेले शिक्षक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष शॉन स्पिलर यांच्यासाठी संघटनेच्याच पैशावर चालणाऱ्या गटाने साडेतीन कोटी डॉलरहून जास्त उधळले. मतं दहा टक्क्यांच्या आसपास, क्रमांक पाचवा. इथे पैसा आपटला हे खरं, पण ओतला गेलाच नाही असं कोण म्हणेल? वर तो शिक्षकांच्या वर्गणीतून आलेला.

‘बहुमत.’ सहा डेमोक्रॅट रिंगणात होते. मिकी शेरिल सुमारे ३४ टक्क्यांवर उमेदवार ठरल्या. दुसरी फेरी नाही, जास्त मतं त्याची सरशी, अगदी आपल्यासारखंच. नोव्हेंबरात मात्र त्यांनी रिपब्लिकन उमेदवार जॅक चिटरेलींना सरळ बहुमताने हरवलं.

आणि ‘अमेरिकेत’ म्हणजे नेमकं कुठे? कॅलिफोर्नियात सगळ्या पक्षांची एकच प्रायमरी. पहिले दोघं पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. व्हर्जिनियात २०२१ला रिपब्लिकनांनी प्रायमरी घेतलीच नाही. पक्षाच्या अधिवेशनात नोंदवलेल्या प्रतिनिधींनी ग्लेन यंगकिन यांना निवडलं. २०२५ला तिथे दोन्ही पक्षांकडे एकेकच उमेदवार उरला, त्यामुळे गव्हर्नरपदासाठी प्रायमरीत मत द्यायची वेळच कुणावर आली नाही.