'पैसे घेतले, स्ट्रॉबेरी दिसली नाही' या अभिप्रायाला पाचगणीच्या शेताकडून उत्तर

नमस्कार.

जुलैतल्या शनिवारी वडील आणि मुलांसह येऊन तुम्ही दोन तारे दिलेत. तक्रारी चार: वाफ्यांत फळ नव्हतं, वरची पायवाट साखळी लावून बंद होती, खालच्या वाटेला सिमेंटच्या पायऱ्या नाहीत, आणि 'इंग्रजांच्या काळातली वस्ती' बघायला आलेल्या मुलांना कैद्यांच्या गोष्टी ऐकवल्या.

फळाचं आधी. इकडे स्ट्रॉबेरीची रोपं लावतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर. तोडा नोव्हेंबरअखेर सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. जुलैत वाफे मोकळेच असतात. तिकीट खिडकीवरच्या पाटीवर हे लिहिलेलं आहे आणि पावसाळी तिकीट त्यासाठीच निम्मं असतं. (त्या दिवसांत क्रीमसोबत मिळते ती बहुतेक गोठवलेली.) हंगामात आलात तर सकाळी लवकर या आणि पूर्ण लाल झालेलंच फळ घ्या, तोडल्यावर ते पुढे पिकत नाही, गोडीही वाढत नाही. फळ ओढायचं नाही, वर थोडा देठ ठेवून नखाने खुडायचं. ओढलं की घोसातल्या कळ्या आणि कच्ची फळं सोबत येतात, आणि वरची हिरव्या पानांची टोपी निघालेलं फळ लवकर पाणी सोडतं. मुलांसोबत आम्ही माणूस देतो तो हे दाखवायला.

वरची वाट. तुम्ही लिहिलंत, 'ऊन पडलं होतं, तरी उघडली नाही.' या वाटेला उन्हाचा फार उपयोग नाही. डोंगराचा माथा जांभ्याचा आहे. जांभा सच्छिद्र, पाणी पिऊन घेतो. खाली चिकट मातीचा थर लागला की ते पाणी पुढे झिरपत नाही, आडवं सरकतं आणि उतारावर झऱ्यांसारखं बाहेर पडतं. आमची वाट नेमकी ती सांध्याची जागा ओलांडते. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी तिथे पाय रुततो, आणि कडेची माती वजनाने सुटते. बुटाची टाच दाबल्यावर खळग्यात पाणी जमायचं थांबलं की साखळी निघते. दसऱ्याच्या आसपास तसं होतं, कधी आणखी उशिरा.

सिमेंटच्या पायऱ्या सुचवल्यात. पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या साधारण तिसरा हिस्सा, तरी सिमेंटवर शेवाळ धरायला भरपूर. शिवाय सलग पायऱ्यांखालून पाणी वाट काढतं आणि एक दिवस अख्खा तुकडा पोकळ होऊन खचतो. म्हणून खडबडीत दगड, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते, आणि चढावर ठरावीक अंतराने तिरके चर. चर पानांनी बुजले की पाणी वाटेवरूनच धावतं, त्यामुळे पावसात ते रोज उपसावे लागतात. हा भाग 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, उतारावर मनाला येईल तसं बांधकाम करता येत नाही, तेही एक. वडिलांसाठी गोठ्याकडून जाणारी सपाट वाट आहे, बाकं तिथेच आहेत. मात्र वारा असेल तेव्हा सिल्व्हर ओकच्या रांगेखाली थांबू नका. झाड सरळ आणि देखणं, पण फांद्या ठिसूळ.

ते झाड ऑस्ट्रेलियाचं. पाचगणीत त्याचा संबंध जॉन चेसन यांच्याशी जोडला जातो, ज्यांनी 1860च्या दशकात हे गाव हवा खाण्याचं ठिकाण म्हणून उभं केलं. त्यांची कबर सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत आहे, मुलांना जरूर दाखवा. पण वस्तीचा इतिहास चेसनपासून सुरू करा, हा आग्रह आम्ही मान्य करणार नाही. दांडेघर, गोडवली, खिंगर, अमरळ, तायघाट ही गावं आधीची. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक जांभ्यातून लोखंड गाळत. कोळशासाठी रान तुटतं म्हणून इंग्रज अमलात ते थांबलं. 1829 मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना वाईजवळचं खंडाळा देऊन महाबळेश्वर घेतलं, पेठ वसली, आणि तिच्या भाजीपाल्यात मोठा वाटा होता तिथल्या तुरुंगातल्या चिनी कैद्यांचा. बटाटे पिकवायचे, वेताच्या टोपल्या विणायचे. साहेबांच्या बंगल्यांबद्दल सांगायचं आणि बंगल्यातल्या ताटात भाजी कुठून आली ते गाळायचं, हे आम्हाला जमत नाही. दहा वर्षांच्या मुलाला ते ऐकून त्रास होईल असं वाटत नाही; प्रश्न पडतील, आणि त्यांना उत्तर द्यायला आमची माणसं तयार असतात.

पावसाळी तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत. पण वरची वाट तुम्हाला बघायला मिळाली नाही हे खरं, तेव्हा त्याच पावतीवर डिसेंबर ते मार्चमध्ये तिघा-चौघांना पुन्हा प्रवेश देऊ. खुडलेल्या फळाचे पैसे वजनावर वेगळे. रविवार टाळा, चपला नकोत, खाच असलेल्या तळाचे बूट घाला. मूळ पावती हरवली असेल तर मोबाईलमधला फोटो चालेल.