पाठपोट

कादंबरीचा दुसरा खर्डा एकतर्फीच छापायचा असतो. तालुक्याच्या गावातल्या डीटीपीवाल्याला हे तोंडी सांगितलं होतं, चिठ्ठीवरही लिहून दिलं होतं. तरी त्याने पानं पाठपोट काढायला घेतली आणि वर म्हणाला, ‘मॅडम, तुमचे पैसे वाचवतोय.’ माझा राग अजून उतरलेला नाही.

लिहिण्यासाठी काही दिवस येऊन राहायचं अशा आमच्या लेखक-निवासात शांतता आहे, बांबूचे बाक आहेत, मातीची भांडी घडवायचं चाकसुद्धा आहे. प्रिंटर नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधलं मॅकडॉवेल हे कलाकार-निवास १९०७ साली सुरू झालं. तिथे दुपारचं जेवण टोपलीत घालून स्टुडिओच्या दाराशी गुपचूप ठेवून जातात, ही कथा आमच्या संचालकांना फार प्रिय. त्यामुळे आमच्याही दाराशी टोपली येते. लेखकाला भूक लागते, हे सगळ्यांना पटलेलं आहे. त्याला कागद लागतो, हे अजून कुणाला पटायचंय.

आणि एकतर्फीचा हट्ट उगाच नाही. उजवीकडे दोन इंची समास हवा, टिपा तिथे जातात. अक्षर १४ पॉइंटचं आणि ओळींत दीडपट अंतर हवं. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात आणि खूण करायला जागाच उरत नाही. अशा पानावर अडीचशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे साठ हजार शब्दांची २४० पानं. मग कात्री घ्यायची, प्रसंग सुटे करायचे, फरशीवर मांडायचे आणि तिसऱ्या प्रकरणातलं मरण नवव्यात नेलं तर काय होतं ते रांगत रांगत बघायचं. पाठपोट कागदावर कात्री चालवली की पुढचं मरण कापताना मागचं बारसंही कापलं जातं.

डीटीपीवाल्याला माझे समास बघवेनात. ‘केवढी जागा फुकट घालवलीय!’ पीडीएफ होती, ती त्याने वर्डमध्ये ओढली आणि समास आवळले. आता पीडीएफमध्ये असतात मुख्यतः अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा. त्यावरून मूळ मजकूर काय, हे यंत्राने अंदाजाने ठरवायचं. रोमन लिपीत हे बरंचसं निभावतं. देवनागरीत डोक्यावरचा रफार गळतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. माझी ऊर्मिला ‘ऊमिला’ झाली, तिच्या बापाचं कर्ज ‘कज’ झालं. पीडीएफ आहे तशीच छापायची, ‘पाठपोट’ची खूण काढून टाकायची, आधी एकच पान काढून बघायचं: एवढंच काम होतं. त्याने मला विचारलं ते एवढंच, ‘हिरव्या लेजर पेपरवर काढू का? कोर्टात चालतो.’

तेवढ्यात सातबाऱ्यासाठी थांबलेल्या एका काकांनी ट्रेमधली गरम पानं उचलली आणि उभ्या उभ्या वाचायला घेतली.

‘ह्यात वादी कोण?’

‘काका, कादंबरी आहे ती.’

‘असू द्या की. थोरल्यानं विहीर नावावर करून घेतली, असं लिवलंय हितं. फेरफार कधी पडला?’

‘ते कादंबरीत नाहीये.’

‘न्हाई कसं? नोंदीबिगर विहीर गेली कशी?’ ते रांगेकडे वळले. ‘नोंद पडली की तलाठी नोटीस काढतो. हरकतीला पंधरा दिवस असत्यात. धाकटा काय करत हुता तवा?’

‘तो गप्प राहिला. गप्प राहणं हाच तर विषय आहे.’

‘पंधरा दिवस गप्प?’

‘वीस वर्षं.’

काकांनी चष्मा काढला. ‘मग प्रांताकडचं अपीलबी मुदतीभाईर गेलं की वो!’

रांगेतून हळहळ उमटली. पीकविम्याचा अर्ज घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, ‘बहीण न्हाई व्हय ह्यांना?’

‘आहे. पुढे येते.’

‘हक्कसोड केलंय का तिनं?’

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, ‘केलंच असंल. भावांनी गोड बोलून सही घेतली असंल.’ ‘तिनं का द्यावी?’ बाई म्हणाल्या. मग निम्मी रांग बहिणीच्या बाजूची, निम्मी धाकट्याच्या. थोरल्याच्या बाजूने एकटा डीटीपीवाला, कारण विहीर खोदायचा खर्च थोरल्याने केला होता. हे पान सोळावर आहे. म्हणजे या गृहस्थाने समास आवळता आवळता कादंबरीही वाचली होती.

निवासातल्या संध्याकाळच्या वाचनात याच प्रकरणाला ‘मौनाचा पोत’ असं म्हटलं गेलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, बहिणीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कुठून काढणार? त्यांनी वाचली होती ती माझ्या अर्जासोबतची इंग्रजी अनुवादाची वीस पानं. कादंबरी मराठीत लिहायची, पण ती लिहायला खोली हवी असेल तर आधी इंग्रजीत उत्तीर्ण व्हायचं. अनुवादकाचे पैसे कुणी द्यायचे, याचा रकाना अर्जात नसतो. आणि ‘तुमची कलाकृती समाजाशी कसा संवाद साधते’ हे पाचशे शब्दांत लिहून मागतात. इथे समाज माझ्या हातातली पानं ओढत होता.

पान ६२वर मी छपाई थांबवली. हीच पीडीएफ नीट, एकतर्फी काढा म्हटलं, तर टोनर संपलेला. नवा मंगळवारी येणार. बिलात छापलेल्या पानांखाली ‘कन्व्हर्जन’ असा वेगळा आकार होता. समास कमी करण्याचा. भांडले, तर दहा रुपये कमी झाले.

काकांनी वाचलेली पानं चळत ठोकून सारखी केली, पण माझ्या हातात दिली नाहीत.

‘मंगळवारीच या पुढची काढायला,’ ते म्हणाले. ‘सर्व्हर बंद हाय, माझा सातबाराबी तवाच मिळतोय. आन् ताई, त्या धाकट्याला तवर कुठं सही करू देऊ नका.’