दुसरी प्रत आधी, मोठी ड्राइव्ह नंतर
घरचा गाण्यांचा संग्रह संगणकावर कसा ठेवावा, यावरचा तुमचा लेख वाचला. सगळं संगीत एकाच ४ टीबीच्या हार्ड ड्राइव्हवर आणा, असं त्यात सुचवलंय. मला ते अजिबात पटलं नाही. आम्ही फोंड्याचे. देवळातली भजनं, नाट्यसंगीत अशा बाबांच्या कॅसेटी मी दोन वर्षं बसून संगणकावर उतरवल्या आणि एकाच ड्राइव्हवर ठेवल्या. आषाढात कॉपी चालू असतानाच वीज गेली, आली, परत गेली, आणि ड्राइव्ह बंद पडली ती पडलीच. अर्ध्या कॅसेटींना तोवर बुरशी लागली होती. त्या पुन्हा कुठून उतरवणार?

आता दोन ड्राइव्ह घरी, तिसरी मडगावला बहिणीकडे. पावसाळ्यात हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून. फायली फ्लॅक (FLAC) या प्रकारात: सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण वेव्ह (WAV) या न आवळलेल्या फायलीत मिनिटाला साधारण १० एमबी घेतं, फ्लॅकमध्ये त्याच्या अर्धी-पाऊण जागा पुरते आणि आवाजातलं काहीच गळत नाही. एमपी३ फक्त मोबाईलपुरतं.

टॅगबद्दल, म्हणजे फायलीतच लिहून ठेवायच्या गायक-गाण्याच्या माहितीबद्दल, लेखात एकच ओळ आहे, याचं वाईट वाटलं. गायिका केसरबाई केरकर माझ्याकडे चार स्पेलिंगांनी होत्या, शोधलं की अर्धी गाणी सापडायचीच नाहीत. नाव एकदाच ठरवा. राग, वर्ष, ठिकाण टॅगमध्येच लिहा. आणि मूळ कॅसेटी कृपा करून टाकू नका.